माथ्यावरचे ऊन

दरवर्षी मे महिन्याच्या दहा तारखेच्या आगेमागे आम्ही घरातील मुलांना घेऊन गच्चीवर एक लहानसा प्रयोग करीत असतो. बारा अंगुळांचा एक लाकडी शंकू सपाट पाटावर लंब उभा करावयाचा आणि घड्याळात बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटे होण्याची वाट पाहावयाची. शंकूची छाया आखूड होत होत त्याच्या बुडाशी येते, आणि काही क्षण अगदी नाहीशी होते. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंश ४० कलांवर वसलेले आहे. सूर्याची उत्तर क्रांती तेवढी झाली म्हणजे तो माध्यान्ही बरोबर आमच्या डोक्यावर येतो. हा योग वर्षातून दोनदा येतो. दुसरा ऑगस्टच्या आरंभी. परंतु त्या वेळी आभाळ बहुधा भरलेले असते आणि शंकू कोनाड्यातच राहतो. जुन्या सिद्धान्तग्रंथांतून शंकूचे माप बारा अंगुळांचे सांगितलेले आहे, म्हणून आम्हीही तेच ठेवले आहे. मुलांना गंमत वाटते. आम्हांसही इतकी वर्षे निव्वळ गंमतच वाटत आली.

ज्या सूर्याची छाया पडत नाही, तो खिडकीतून आत येत नाही, भिंतींनाही फारसा शिवत नाही; त्याचा सारा भार घराच्या माथ्यावर पडतो, ही साधी गोष्ट वर्गात पस्तीस वर्षे भूगोल शिकवूनही आमच्या ध्यानात आली नाही. ती आली दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, आणि फार वाईट रीतीने आली.

आमच्या वडील भगिनी आमच्याचकडे असतात. त्यांना घरात लहानथोर सारेच आक्का म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, स्मरण लख्ख, सोवळेओवळे फारसे नाही, परंतु स्वतःच्या खोलीविषयी हट्ट मोठा. ती खोली माडीवरची. जिना चढण्याचे श्रम नकोत म्हणून त्यांना खाली आणण्याचा प्रयत्न आम्ही अनेकदा केला. पण 'तिथे वारा येतो' हे त्यांचे उत्तर ठरलेले. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी धाकटी सून चहा घेऊन वर गेली, तो आक्का अंथरुणावर बसलेल्या, डोळे उघडे, पण तिलाच ओळखेनात. अंगाला हात लावला तर कोरडे आणि तव्यासारखे तापलेले. ओल्या पंचाने अंग पुशीत आणि वारा घालीत त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "यांना ऊन लागले आहे." आम्ही म्हणालो, "अहो, त्या चार दिवसांत उंबरठ्याबाहेर पडलेल्या नाहीत." त्यावर डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच."

आक्का त्यातून उठल्या. परंतु तो शब्द आमच्या मनातून गेला नाही. कारण ज्या माथ्याखाली त्यांना ऊन लागले, तो माथा आम्हीच घातलेला होता.

आमचे मूळ घर माळवदाचे. ज्यांनी माळवद पाहिले नाही अशा आजच्या मुलांसाठी सांगतो. जाड भिंतींवर सागवानी तुळया, तुळयांवर कडीपाट किंवा लाकडाच्या चिपा, त्यावर पाल्याचा थर आणि त्यावर गावच्या पांढरीची माती फूट-दीड फूट चोपून बसविलेली. उजेड येण्यास व चुलीचा धूर जाण्यास मध्ये एक भोक ठेवीत; त्यास आमच्याकडे साणे म्हणतात. पावसाळ्यापूर्वी वर चढून भेगा बुजवावयाच्या, नवी माती घालावयाची, हा घरच्या पुरुषांचा वार्षिक उद्योग असे. सोलापूर, उस्मानाबाद, लातूर, विजापूर या कोरड्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या असेच बांधीत आले, कारण येथे पाऊस थोडा आणि ऊन फार. कोकणातील माणसाने उतरती कौले घातली ती पाण्यासाठी. आमच्या पूर्वजांनी सपाट माती घातली ती उन्हासाठी. दीड फूट मातीतून दुपारचे ऊन खाली उतरेपर्यंत पहाट होई, आणि तोवर वरची माती निवू लागलेली असे. वैशाखातही आमच्या माजघरात दुपारी पांघरूण घेऊन निजणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

मग १९९३ साल आले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असता, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती नुकतेच पोचविलेले होते, माणसे थकून झोपलेली होती. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे एका मिनिटाच्या आत बसली आणि सरकारी मोजदादीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. आमच्या घरातही भांडी पडली, साण्यातून माती गळली आणि सारे अंगणात येऊन उजाडेपर्यंत बसून राहिलो. पुढे जे तज्ज्ञ पाहणी करून गेले त्यांनी एकमुखाने सांगितले की, धक्का फार मोठा नव्हता. माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या भिंती आणि त्यांवर मातीचे प्रचंड ओझे. आम्ही नंतर कागदावर हिशेब केला. फूटभर मातीचा भार दर चौरस फुटास सुमारे ४५ किलो होतो. म्हणजे दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीत निजणाऱ्या माणसावर साडेपाच टनांच्या जवळपास माती टांगलेली असते. हा आकडा पाहिल्यावर आम्हांला स्वतःच्या घरात झोप येईना.

पुढच्याच वर्षी आम्ही माळवद उतरविले, भिंती नीट बांधून घेतल्या आणि वर काँक्रीटचा स्लॅब घातला. तो निर्णय चुकीचा होता असे आजही आम्हांस वाटत नाही. परंतु मातीचे ओझे उतरविताना तिची छत्रीही आपण उतरवीत आहो, हे ना आम्हांस कळले, ना ज्यांनी काम केले त्यांनी सांगितले. उलट वास्तुशांतीस आलेल्या प्रत्येकाने वर पाहून 'आता घर पक्के झाले' असेच म्हटले, आणि आम्हीही अंमळ ताठ मानेने ते ऐकून घेतले.

स्लॅब असतो पाच-सहा इंचांचा. काँक्रीट उष्णता चटकन आत घेते आणि चटकन खाली पोचविते. दुपारी बारा-एकच्या उन्हाने त्याची वरची बाजू, विशेषतः ती शेवाळून काळवंडलेली असेल तर, साठ अंशांच्या घरात तापते. ही उष्णता चार-पाच तासांनी खालच्या बाजूस येते. म्हणजे दिवेलागणीला, बाहेर वारा सुटून अंगण निवू लागते त्या सुमारास, घराचे छत तापत्या तव्यासारखे खालच्या माणसांवर ऊन ओकू लागते, ते मध्यरात्र उलटेपर्यंत. पंखा लावला तर तो छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो. रात्रीची ही तगमग केवळ अस्वस्थतेची बाब नाही. दिवसभर तापलेल्या शरीरास रात्री निवण्यास अवसर मिळाला नाही, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारे माणूस कोलमडते. अहमदाबादेस मे २०१० मध्ये उष्णतेची जी लाट आली, तिच्यात नेहमीच्या मानाने १,३४४ माणसे अधिक दगावली, असे मागाहून संशोधकांनी दाखविले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली. अशी योजना आखणारे ते दक्षिण आशियातील पहिले शहर होय.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली राहत्या घरांसाठी 'इको निवास संहिता' नावाची नियमावली काढली. छतातून किती उष्णता उतरू द्यावी याची तीत मर्यादा घातली आहे. उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता खाली सोडतो. संहिता हा शब्द वाचून आम्हांस साहजिकच वराहमिहिराची आठवण झाली. त्याने बृहत्संहितेत वास्तुविद्येवर आणि वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय लिहिलेले आहेत, आणि हल्ली त्याचे नाव घेऊन लोक दारे बुजवितात, जिने फिरवितात, ईशान्येस पाण्याची टाकी नेतात. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थाने अशा फेरफारांत लाख रुपये घातले. पण त्याच्या गच्चीवर मात्र दुपारी अनवाणी पाऊल ठेववत नाही. वराहमिहिराने स्लॅब पाहिला असता तर त्याने प्रथम त्याच्याचविषयी लिहिले असते, असे आम्हांस वाटते.

आक्का घरी आल्यावर रात्री जेवणे आटोपून सारे माजघरात बसलो. पुतण्याचे म्हणणे सरळ होते. "काका, वर एसी बसवू या. हप्त्याने मिळतो. आक्काआत्याला त्रास नको." त्याचा हेतू चांगला होता आणि आम्ही त्यास नकारही दिला नाही. परंतु धाकटी सून, जी विज्ञानाची पदवीधर आहे व घरात कमी बोलते, ती म्हणाली, "मामंजी, यंत्र खोलीतली उष्णता काढील, पण छत ती पुन्हा भरीतच राहील. आधी वरून येते ती थांबवायला नको का?" गळक्या छपराखाली मोठे पातेले ठेवण्यापेक्षा भोक बुजवावे, हे पावसाच्या बाबतीत ज्याला त्याला कळते. उन्हाच्या बाबतीत ते कळावयास आम्हांला सुनेचे वाक्य लागले.

तिनेच दोन साधे उष्णतामापक आणले. एक आक्कांच्या खोलीत टांगला आणि दुसरा खाली माजघरात, जेथे जुन्या जाड भिंती आहेत आणि वर एक मजला आहे. रोज रात्री नऊ वाजता दोन्ही वाचून वहीत लिहावयाचे. आम्ही विचारले, एकाने काम भागले नसते काय? तिने सांगितले की, बाहेरचे ऊन रोज सारखे नसते. म्हणून खालच्या खोलीशी तुलना केली तरच छताचा दोष किती आणि दिवसाचा किती हे कळेल. अशी विद्यार्थिनी आम्हांस वर्गात क्वचितच लाभली. पहिल्या दहा दिवसांत माडी माजघरापेक्षा पाच ते सहा अंशांनी अधिक तापलेली आढळली.

मग आम्ही गच्चीस चुना दिला. इतकेच. परंतु तो कसा दिला हे सांगितले पाहिजे, कारण कित्येक जण एक हात मारतात, पहिल्या वळवाने तो वाहून जातो, आणि मग 'काही उपयोग नाही' असे सांगत फिरतात. प्रथम गच्ची ताराच्या घासणीने घासून शेवाळ व धूळ काढली आणि पाण्याने धुऊन वाळू दिली. भेगा सिमेंटने भरल्या. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवून, फडक्यातून गाळून घेतला. तो विरताना खदखदतो व अंगावर उडतो. मुलांना दूर ठेवावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा, कारण डोळ्यात गेलेला चुना दृष्टी घालवू शकतो. गाळलेल्या चुन्यात थोडे पांढरे सिमेंट आणि सुताराकडे असतो तसला पांढरा चिकट पदार्थ मिसळला, म्हणजे चुना हाताला लागत नाही व धरून राहतो. दुधाहून अंमळ दाट असे ते मिश्रण लांब दांड्याच्या कुंच्याने, ऊन उतरल्यावर, एक हात आडवा व दुसरा उभा असे दिले. दोन्हींमध्ये एक दिवस गेला. तिसरा हातही दिला, कारण चुना उरला होता. आठशे चौरस फूट गच्चीस मजुरीसुद्धा चार हजारांच्या आत खर्च आला.

त्यातील कारण अवघड नाही. काळवंडलेले काँक्रीट आपल्यावर पडलेल्या उन्हाचा बहुतेक भाग पिऊन टाकते. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग दहातील सात-आठ भाग आल्या वाटेने आकाशाकडे परत धाडतो. जे ऊन आत शिरलेच नाही ते बाहेर काढण्यास वीज लागत नाही. थंड देशांत असे पांढरे छप्पर हिवाळ्यात हवी असलेली ऊबही घालवील; परंतु सोलापुरास पौषातही शेगडी पेटविण्याची वेळ येत नाही, तेव्हा आमचा त्यात तोटा नाही.

चुन्यानंतरच्या दहा दिवसांत सुनेच्या वहीत माडी व माजघर यांतील अंतर दोन ते अडीच अंशांवर आले. वाचकांपैकी कोणी म्हणेल, तीन अंशांनी काय होते? ज्याने अडतीस अंशांच्या खोलीत एक रात्र आणि पस्तीस अंशांच्या खोलीत एक रात्र काढली आहे, तो असे विचारणार नाही.

ज्यांना दरवर्षीचा खटाटोप नको, त्यांच्यासाठी उन्हास परतविणारे तयार पांढरे रंग बाजारात मिळतात. ते महाग, पण अधिक वर्षे टिकतात. गच्चीचा कोबा नव्याने करावयाचा असेल तर विटांच्या तुकड्यांचा जाड थर देऊन वर पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे बसवावे. अशी गच्ची आमच्या शेजारी आहे आणि ती वीस वर्षे आपले काम चोख करीत आहे. मात्र कोब्याचे ओझे स्लॅबला झेपेल किंवा नाही हे जाणत्याकडून तपासून घ्यावे. ओझ्याविषयी आम्ही एकदा धडा घेतलेला आहे. काहींनी द्राक्षबागांवर घालतात तसली हिरवी जाळी गच्चीवर हाताच्या उंचीवर ताणली आहे. तीही चांगली, फक्त वावटळीत ती शेजाऱ्याच्या तारेवर जाऊन बसते.

स्लॅबचे एवढे झाले. पण ज्यांच्या माथ्यावर स्लॅबही नाही त्यांचे काय? आमच्या शहराच्या पूर्व भागात, जेथे तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेला पद्मशाली विणकर समाज नांदतो, तेथे पत्र्याखालीच माग आणि पत्र्याखालीच संसार अशी घरे अद्याप पुष्कळ आहेत. बायका तेथेच बसून विड्या वळतात. ज्या चादरींनी सोलापूरचे नाव देशभर नेले, त्या विणणाऱ्याच्या डोक्यावरचा पत्रा दुपारी हात लावण्यासारखा नसतो. पत्र्यास मातीसारखी थोपविण्याची शक्ती मुळीच नाही. ऊन पडल्यापासून काही मिनिटांत तो तापतो. परंतु म्हणूनच पांढऱ्या रंगाचा गुण त्यास सर्वांत अधिक येतो, आणि त्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे किंवा जुन्या गोणपाटाचे छत हातभर अंतर सोडून बांधले, तर मधल्या हवेचा आडोसा होतो. मात्र चुलीपासून ते दूर असावे. या समाजाचे मूळ ज्या मुलुखात, त्या तेलंगण राज्याने २०२३ साली शीतल छतांविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले आणि सरकारी व मोठ्या इमारतींस असे छत बंधनकारक ठरविले. आमच्याकडील नगरपित्यांनी तिकडे एक फेरी मारून यावयास हरकत नाही. हैद्राबाद काही दूर नाही.

माथा झाला म्हणजे मग खिडक्यांकडे वळावे. येथे आमच्या पिढीने जुने शहाणपण विसरून उलटा व्यवहार आरंभिला आहे. दिवसा खिडक्या सताड उघड्या आणि रात्री डासांच्या भयाने बंद! सोलापूरच्या कोरड्या हवेत दुपारच्या आणि पहाटेच्या उष्णतेत वैशाखात बारा-पंधरा अंशांचे अंतर पडते; ही ईश्वराने फुकट दिलेली थंडी आहे. सकाळी नऊच्या सुमारास पश्चिमेकडील व दक्षिणेकडील खिडक्या लावून पडदे ओढावे, आणि दिवेलागणीनंतर सर्व दारे-खिडक्या उघडून रात्रभर वारा आरपार वाहू द्यावा. डासांसाठी बारीक जाळी बसवावी. डासांची धुपाटी वडी पेटवून खिडकी लावून झोपणे हे तर आम्हांस आता भयंकर वाटते. एका वडीच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ साली एका अभ्यासात आढळले. घरात कोणी विडी ओढली तर आपण त्यास अंगणात घालवितो, आणि ही वडी मात्र तान्ह्या मुलाच्या उशाशी ठेवतो. वर, भिंतीच्या माथ्याशी, एक झरोका अवश्य असावा. तापलेली हवा वर चढते. तिला वाट नसली की ती छताखाली कोंडून राहते. साणे उगीच नव्हते.

कूलरविषयी दोन शब्द. कालिदासाने ऋतुसंहारात ग्रीष्म वर्णिताना पाण्याच्या यंत्रांनी गार केलेल्या गृहांचा उल्लेख केला आहे, आणि आमच्या लहानपणी दारास वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपीत. कूलर हे त्याचेच विजेवर चालणारे रूप. एक लिटर पाणी आटताना जी उष्णता ओढून नेते ती विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी असते. चैत्र-वैशाखात आमची हवा अत्यंत कोरडी, म्हणून येथे कूलर पुण्या-मुंबईपेक्षा फार उत्तम चालतो. परंतु समोरची खिडकी थोडी उघडी ठेवलीच पाहिजे. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही, तर तासाभरात खोलीचे न्हाणीघर होते. कित्येक घरांत हे कोणी सांगितलेलेच नसते. मृगाचा पाऊस पडला की कूलरचा गुण संपला. तेव्हा तो पुसून, वाळवून ठेवून द्यावा. त्यातील पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण काढून टाकी घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास आपल्याच खर्चाने पाळल्यासारखे होते. आणि पाण्याचाही विचार आहेच. ज्या शहराने उन्हाळ्यात कित्येक दिवसांआड नळास पाणी येण्याचा अनुभव वर्षानुवर्षे घेतला, तेथे प्रत्येक खोलीस एक कूलर ही चैन परवडणारी नव्हे. छत पांढरे झाल्यावर आमच्याकडे दोनांऐवजी एका कूलरवर भागले.

स्वयंपाकघराविषयी लिहिताना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण तेथे आम्ही पाहुणे. पण दुपारी बाराला घरातील सर्वांत तापलेली जागा तीच, आणि तेथे उभी असलेली व्यक्ती कोण, हे प्रत्येक पुरुष वाचकाने एकदा डोळे उघडून पाहावे. लाकडाच्या चुली आपल्या घरांतून गेल्या, २०१६ च्या उज्ज्वला योजनेपासून खेड्यांतूनही गॅस पोचू लागला, हे फार चांगले झाले. घरातील चुलीच्या धुराने जगात वर्षाला सुमारे ३२ लक्ष माणसे अकाली जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. परंतु गॅसची ज्योतही हवा बिघडविते व खोली तापविते. ओट्याच्या वर भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवून घेण्यास आम्ही तीस वर्षे लावली. खर्च दोन हजारांच्या आत. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजत घालणे, उकळी आल्यावर ज्योत बारीक करणे, आणि वैशाखात मुख्य स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकून घेणे या गोष्टी सुनांनी आपल्या आपण ठरविल्या. आमच्या वाट्यास आले ते इतकेच की, रात्रीच्या जेवणात गरम पोळीचा आग्रह सोडणे. पहिले चार दिवस जड गेले.

आता विजेचे. आमच्या जिल्ह्यात, दक्षिण सोलापूर तालुक्यात, १,३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. तेथे कोळसा जळतो आणि उजनीचे पाणी वाफ होऊन जाते, तेव्हा आपली खोली गार होते. म्हणजे वीज वाचविणे ही केवळ कंजूषी नव्हे. आमच्या घरात सहा पंखे आहेत. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, नव्या पद्धतीचा तीस-पस्तीस. उन्हाळ्यात दिवसाचे पंधरा तास धरले तर सहा पंख्यांमागे महिन्यास शंभराहून अधिक युनिटे वाचतात. आम्ही दरमहा एक याप्रमाणे पंखे बदलले. एकदम खर्च करण्याची आमची ऐपतही नव्हती आणि स्वभावही.

पुतण्याने मात्र धीर सोडला नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने छतावरील सौर विजेसाठी जी योजना सुरू केली, तिच्यात तीन किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपयांचे साहाय्य होते. त्याने अर्ज भरला, खेटे घातले, आणि मागील वर्षी आमच्या गच्चीच्या निम्म्या भागावर निळसर पाट्या उभ्या राहिल्या. एका किलोवॉटमागे दिवसास सरासरी चार युनिटे वीज मिळते. आम्हांस त्याहून मोठा वाटला तो त्यांचा दुसरा गुण. पाटी आणि गच्ची यांमध्ये वारा खेळतो आणि पाटीची सावली स्लॅबवर पडते. अमेरिकेत सॅन डिएगो येथील विद्यापीठात २०११ साली मोजून पाहिले, तो अशा पाट्यांखालचे छत उघड्या छतापेक्षा अडीच-तीन अंशांनी गार आढळले. छत्रीची छत्री आणि विजेची वीज. ज्या उन्हाने आक्कांना आडवे केले, त्याच्याच जोरावर आता त्यांच्या खोलीतला पंखा फिरतो, हे सांगताना पुतण्याला मोठा आनंद होतो, आणि तो पुन्हा पुन्हा सांगतो.

एसी अखेर आला. खोटे का सांगावे? तो आक्कांच्या खोलीत आहे, सव्वीस अंशांवर लावलेला असतो, आणि ज्या दिवशी बाहेर पारा बेचाळीसच्या वर जातो त्या दिवशी दुपारी दोन ते पाच चालतो. वृद्धाच्या जिवापुढे तत्त्वाचा हट्ट धरणे आम्हांस मान्य नाही. पूर्वीच्या छताखाली तो दिवसभर धापा टाकीत चालला असता. आता अर्ध्या तासात खोली गार करून स्वतःच मंदावतो. पण त्याची बाहेरची पेटी गल्लीत गरम वारा सोडते, आणि समोरच्या घरातील आजोबा ओट्यावर बसतात ते आता खुर्ची दोन हात सरकवून बसतात. त्यांची क्षमा आम्ही मागितली आहे. त्यांच्या गच्चीस चुना देण्याचे आमच्या मुलांनी कबूल केले आहे.

पश्चिमेची भिंत अद्याप राहिली आहे. तिसऱ्या प्रहरानंतर ऊन माथ्यावरून उतरून तिच्यावर येते. तेथे पडवी काढावी असे आमचे मत, वेल चढवावा असे सुनेचे. बहुधा वेलच चढेल, कारण तो स्वस्त आहे. गच्चीवरचा चुना पावसाळ्यात झिजतो आणि त्यावर हिवाळाभर धूळ बसते, म्हणून तो दरवर्षी नवा द्यावा लागतो. होळी झाली की गच्ची धुवावयाची आणि पाडव्याच्या आत हात द्यावयाचे, असा आम्ही नेम ठेवला आहे. यंदाच्या दोन गोण्या कळीचा चुना जिन्याखाली आणून ठेवला आहे. शंकू त्याच्याच शेजारी उभा आहे.